'योनी' म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात मी २८ वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर आरोग्य केंद्रातली एक नर्स मला ओढून किशोरवयीन मुलींच्या तासाला घेऊन गेली. तेव्हापासून ती शरीराचं बोलते, मी शब्दांचं. तासाच्या शेवटी बिस्किटांचा रिकामा डबा फिरतो, त्यात नाव न घालता चिठ्ठी टाकायची. सगळ्यात जास्त चिठ्ठ्या एकाच शब्दावर येतात. खालचे बहुतेक प्रश्न त्या डब्यातले आहेत, काही आयांचे, आणि दोन-तीन बाप्यांनी फोनवर आवाज खाली करून विचारलेले.

टीचर, कीर्तनात बुवा 'चौऱ्यांशी लक्ष योनी' असं मोठ्यानं म्हणतात. त्यांना लाज नाही वाटत?

चौकटीच्या वहीचा अर्धा कागद, चार घड्या घातलेला. नर्सनं वाचला आणि हसू दाबत माझ्याकडे सरकवला. इतका नेमका प्रश्न मला २८ वर्षांत कुणी विचारला नव्हता.

बुवांना लाज वाटत नाही, कारण त्यांच्या तोंडी तो अवयव नसतोच. तिथं योनी म्हणजे जन्माचा प्रकार, जीवाची जात. परंपरेनं सांगितलेला हिशेब असा: पाण्यातले जीव ९ लाख, झाडंझुडपं २० लाख, किडे-कृमी ११ लाख, पक्षी १० लाख, पशू ३० लाख आणि माणसं ४ लाख. बेरीज करून बघा, ८४ बरोबर येतात. माणसाचे ४ लाख प्रकार कुठून आले, असं मी एकदा एका बुवांना विचारलं होतं. ते म्हणाले, 'बाई, आपल्या वाड्यावर एक फेरी मारून या, म्हणजे कळेल.'

मनुष्ययोनी, पशुयोनी, प्रेतयोनी हे सगळे शब्द याच अर्थाचे. देवळात भजनाला बसलेली आजी हा शब्द हजारदा ऐकते, म्हणते, त्यावर टाळ वाजवते. तीच आजी दवाखान्यात गेली की 'खाली दुखतं' एवढंच सांगते. शब्द तोच, पण देवळाच्या पायऱ्या उतरला की त्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही.

मुळात हा शब्द आला कुठून?

संस्कृत 'योनि' वरून. व्युत्पत्ती सांगतात ती 'यु' या धातूवरून: जोडणं, मिसळणं. त्याला 'नि' प्रत्यय लागला की योनि. वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या यास्कानं आपल्या निरुक्त या ग्रंथात याच धातूचा धागा धरून वेढलेलं, चहूबाजूंनी गुंडाळलेलं असा भाव काढला आहे. गर्भ जिथं वेढलेला राहतो ती जागा.

पण ऋग्वेद उघडलात तर हा शब्द शरीरापेक्षा घराच्या जवळचा वाटतो. बसायची जागा, आसन, मुक्काम, उगम असे अर्थ तिथं पुन्हा पुन्हा येतात. तिसऱ्या मंडलात अग्नीला उद्देशून म्हटलं आहे, 'अयं ते योनिर्ऋत्वियः', ही तुझी योनी, इथून तू जन्मलास. ते सूक्त लाकडावर लाकूड घुसळून अग्नी काढण्याचं आहे. म्हणजे घुसळायच्या ज्या लाकडातून, अरणीतून, ठिणगी निघाली तेच अग्नीचं माहेर.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो सामवेदातला वापर. ज्या ऋचेवर साम गायचं, त्या ऋचेला त्या सामाची 'योनि' म्हणतात. गाणं जिच्यातून उमलतं ती. गोव्यात घराघरात गाणं असतं, म्हणून मुलींना हे उदाहरण मी आधी देते आणि बाकीचं मग. चेहरे एकदम सैल होतात.

ब्रह्मसूत्रातलं तिसरंच सूत्र 'शास्त्रयोनित्वात्' आहे. तिथंही अर्थ उगम, आधार असाच. गीतेच्या चौदाव्या अध्यायात 'मम योनिर्महद्ब्रह्म' येतं. म्हणजे उगम हा अर्थ मोठा, अवयव हा त्याच्या पोटातला. जीवाचं पहिलं घर म्हणून ते नाव त्या जागेला पडलं.

मग गीतेत 'पापयोनयः' का म्हटलंय?

नवव्या अध्यायातला ३२वा श्लोक. तिथं योनी म्हणजे जन्म, कूळ. हा शब्द बायका, वैश्य आणि शूद्र यांनाही लागू होतो की वेगळ्या कुणाला, यावर भाष्यकारांत वाद आहे. विचारणारी मुलगी दहावीतली होती. मी तिला वाद सांगितला आणि तो मला आवडत नाही हेही सांगितलं.

योनि लिहायचं की योनी?

मराठीत एकटा शब्द असेल तर दीर्घ: योनी. कवि-कवी, बुद्धि-बुद्धी यांचा नियम इथंही चालतो. समासात पहिलं पद असेल तर ऱ्हस्व: योनिमार्ग, योनिज. संस्कृत उतारा देत असाल तर मुळातला योनि तसाच ठेवा.

तो योनी की ती योनी?

मराठीत ती. संस्कृतात मात्र हा शब्द पुल्लिंगीही चालतो आणि स्त्रीलिंगीही. अमरकोशात 'भगं योनिर्द्वयोः' असं आहे. 'द्वयोः' म्हणजे दोन्ही लिंगांत. ज्या शब्दाला लोक बाईशिवाय कुणाशी जोडायला तयार नाहीत, तो संस्कृतात व्याकरणानं पुरुषही आहे, हे ऐकून शेवटच्या बाकावरून हमखास खुसखुस येते.

शरीरात योनी म्हणजे नेमका कोणता भाग?

इथं थोडं थांबून वाचा, कारण घोळ इथंच आहे, आणि तो फक्त मुलींचा नाही.

आयुर्वेदात योनी हा ऐसपैस शब्द आहे. सुश्रुत आपल्या ग्रंथाच्या शारीरस्थानात, म्हणजे शरीररचनेच्या भागात, म्हणतो की योनी शंखाच्या नाभीसारखी असते, तिला तीन आवर्त, म्हणजे वळणं, असतात आणि तिसऱ्या आवर्तात गर्भशय्या, म्हणजे गर्भ राहायची जागा, असते. म्हणजे बाहेरून आत गर्भाशयापर्यंतचा सगळा मार्ग त्यात आला. चरकानं आणि सुश्रुतानं २० योनिव्यापद, म्हणजे या सगळ्या भागाचे विकार, सांगितले ते या अर्थानं.

एका तासाला मी किनाऱ्यावर सापडलेला तुटका शंख घेऊन गेले होते. लाटांनी घासून त्याची एक बाजू उघडी पडली होती, आतलं वळण स्पष्ट दिसत होतं. मुलींनी तो हातोहात फिरवला. एकीनं बोट आत घालून पाहिलं आणि म्हणाली, 'टीचर, हे तर आत आत जातच राहतं.' सुश्रुताला आणखी काय सांगायचं होतं? त्यानं गर्भशय्येला रोहित माशाच्या तोंडाचीही उपमा दिली आहे. बाहेर अरुंद, आत प्रशस्त. रोहू हा गोड्या पाण्यातला मासा, आमच्याकडे त्याला ताटात मान नाही. सुश्रुत गोव्यात जन्मला असता तर त्यानं विसवणीकडे, म्हणजे सुरमईकडे, बघितलं असतं.

आजच्या वैद्यकात मात्र भाग वेगवेगळे मोजतात आणि नावंही वेगळी आहेत. बाहेरून जे दिसतं ते भग, किंवा बाह्य जननेंद्रिय. तिथून आत गर्भाशयाच्या तोंडापर्यंत जाणारी स्नायूंची लवचीक नळी ती योनी किंवा योनिमार्ग. तिची लांबी साधारण ७ ते १० सेंटिमीटर. तिच्या टोकाला गर्भाशयाची मान, म्हणजे ग्रीवा. तिच्यापुढे गर्भाशय.

आणि हे तर मी फळ्यावर लिहूनच देते: पुढे लघवीची जागा, मध्ये योनी, मागे गुदद्वार. तीन वेगळी तोंडं. दोन मुलांच्या आया झालेल्या बायकांनी मला तास संपल्यावर बाजूला घेऊन विचारलं आहे, 'लघवी आणि पाळी एकाच ठिकाणाहून येते ना?' नाही येत.

इंग्रजीतला 'व्हजायना' शब्द काय सांगतो?

लॅटिन. अर्थ: म्यान. तलवारीचं म्यान. युरोपातल्या शरीरशास्त्रज्ञांनी तो या अवयवाला लावला आणि १७व्या शतकात तो इंग्रजी वैद्यकात आला. म्यान म्हटलं की तलवार गृहीत धरलेली असते. नाव ठेवणारे कोण होते ते त्यावरून कळतं. आपल्या शब्दात कुणाची वाट बघणं नाही, तो स्वतःच उगम आहे. यावर मी जास्त फुशारकी मारत नाही, कारण शब्द एवढा मोठा ठेवून आपण बायकांना काय दिलं, हा प्रश्न लगेच पुढे उभा राहतो.

गंमत म्हणजे याच लॅटिन शब्दाची एक नात आपल्या आइस्क्रीममध्ये आहे. स्पॅनिशमध्ये 'वायना' म्हणजे म्यान, शेंग. छोटी शेंग ती 'वायनिया'. त्यावरून व्हॅनिला. फोंडा तालुक्यातल्या मसाल्याच्या बागांत पर्यटकांना वेलची, मिरी, जायफळ दाखवतात, तिथं व्हॅनिलाचा वेलही असतो. हिरवी, बारीक, बोटभर लांब शेंग. नाव का पडलं ते बघताक्षणी कळतं. पोर्तुगीज शिकलेल्या जुन्या माणसांना 'बाइन्या' माहीत असेल. म्यान, आणि कपड्याची दुमडून शिवलेली कड. तेही याच घरातलं.

'भग' ही शिवी आहे ना?

शिवी करून टाकलेली. भग म्हणजे मुळात वाटा, ऐश्वर्य, नशीब. भाग्य त्याच कुळातलं. भगवान म्हणजे ज्याच्यापाशी भग आहे तो. वेदांत भग नावाचा एक देवच आहे. शरीराचा बाहेरचा भाग हा त्याच शब्दाचा दुसरा अर्थ. भगंदर या दुखण्याच्या नावातही तो आहे. सुश्रुतानं त्याची फोड केली आहे की भग, गुद आणि बस्ती (मूत्राशय) या भागांना फाडतं म्हणून भगंदर.

शब्द शिवीत गेला की शहाणी माणसं तो वापरायचं सोडतात आणि मग तो फक्त शिवीपुरता उरतो. मराठीत असे किती शब्द गेले, त्याची यादी करायला बसले तर पान पुरणार नाही, आणि काही शब्द मलाही लिहवणार नाहीत. लिंग या शब्दाचं मात्र बरं चाललं आहे. त्याचा अर्थ खूण, चिन्ह. व्याकरणात तीन लिंगं शिकवताना कुणी खाली बघत नाही.

महादेवाच्या पिंडीची खालची बाजू योनी असते, हे खरं आहे का?

लिंग ज्या पीठात बसवलेलं असतं त्याला आपण शाळुंका म्हणतो. शैव आणि शाक्त परंपरेत ते पीठ म्हणजे योनी, शक्ती, असा अर्थ सांगितला जातो. तांबडी सुर्लाच्या कदंबकालीन देवळात गेलात तर काळोख्या गाभाऱ्यात हेच रूप दिसेल. घरी पिंडीला अभिषेक करताना कुणी हा अर्थ मनात आणत असेल असं नाही, आणलाच पाहिजे असंही नाही.

यज्ञात तर हा शब्द उघड वापरतात. होमकुंडाला मेखला, म्हणजे भोवतीच्या पायऱ्या, असतात आणि काठावर पिंपळाच्या पानाच्या आकाराचा एक भाग असतो, त्याचं नावच योनी. मोठ्या होमाला बसलेल्या यजमानांना विचारून बघा, बहुतेकांना माहीत नसतं.

गर्भकूड, गाभारा, गाबोळी यांचा याच्याशी काही संबंध?

योनीशी नाही, गर्भाशी आहे. पण प्रश्न इतका चांगला आहे की सोडवत नाही.

आपल्याकडे देवळातल्या मुख्य खोलीला गर्भकूड म्हणतात, मराठीत गर्भगृह. गाभारा हा 'गर्भागार' या शब्दाचा झिजून झालेला आकार. गाभा, केळीचा गाभा, गाभण म्हैस, सगळे गर्भाचे पोरगे. आणि बाजारात मासे कापताना कोळीण विचारते, 'गाबोळी असा, जाय मगो?' तीही त्याच घरातली. देवाची खोली आणि माशाची अंडी एकाच शब्दातून निघाली आहेत, आणि गोवेकराला दोन्ही सारखीच प्रिय आहेत.

याच ओघात सातेरीचं सांगते. गावोगावी सातेरीच्या देवळात वारूळ पूजतात, कोकणीत रोयण. भुईतून आपोआप वर आलेली ती माती म्हणजे भूमातेचं रूप, तिचा गर्भ, असा अर्थ अभ्यासक लावतात. आमच्या देवीच्या रोयणीसमोर उभी राहून डोळे मिटणारी बाई स्वतःच्या शरीराचं नाव घेताना चाचरते, हे मला अजून पचत नाही.

सीता, द्रौपदी 'अयोनिजा' होत्या म्हणजे?

आईच्या पोटातून न आलेल्या. सीता नांगराच्या तासात सापडली, द्रौपदी यज्ञवेदीतून आली. जी पोटातून येते ती योनिजा.

पत्रिकेत 'योनी: ४ गुण' असं असतं, ते काय?

हा एका होणाऱ्या नवऱ्याचा प्रश्न. भटजींनी सांगितलं की 'योनी जुळत नाही' आणि हा बिचारा दोन दिवस जेवला नाही.

३६ गुणांचं मेलन आठ कूटांत विभागलेलं असतं. वर्णाला १, वश्याला २, ताऱ्याला ३, योनीला ४, असं चढत नाडीला ८. योनिकूटात प्रत्येक नक्षत्राला एक प्राणी दिला आहे. अश्विनीला घोडा, भरणीला हत्ती, रोहिणीला साप, आश्लेषेला मांजर, मघाला उंदीर. एकूण १४ प्राणी. दोघांचा प्राणी एकच असेल तर चार गुण, हाडवैर असेल तर शून्य. गाय-वाघ, मांजर-उंदीर, मुंगूस-साप ही वैराची जोडपी. त्याची आश्लेषा आणि तिची मघा, एवढंच झालं होतं. शरीराच्या तपासणीशी त्याचा काडीचा संबंध नाही. तो जेवला. पुढं लग्नही झालं, तिथंच.

हरमल-मोरजीकडे 'योनी हीलिंग', 'योनी स्टीमिंग' अशा पाट्या दिसतात. ते आयुर्वेद आहे का?

आपलाच शब्द इंग्रजीत गेला, तिथं गूढ झाला आणि पर्यटकांच्या हंगामात रोमन अक्षरं घालून परत आला. आयुर्वेदात योनिधूपन (औषधी धुरी देणं), योनिपिचू (औषधात भिजवलेला बोळा ठेवणं) असे उपचार आहेत, पण ते वैद्यानं विकार बघून द्यायचे असतात. दुकानात घमेल्यावर बसवून वाफ द्यायची ही वेगळी गोष्ट. त्या भागाची कातडी नाजूक, भाजण्याची भीती खरी आहे. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू राहतात, ते तिथलं वातावरण आंबट ठेवतात, पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, साधारण ३.८ ते ४.५. त्या आंबटपणामुळे बरेच नको ते जंतू वाढत नाहीत. वाफ, सुगंधी साबण, आत पाणी मारणं यांतलं कशाचीही तिला गरज नाही. ती आपलं आपण बघते. बाहेरून साधं पाणी पुरे.

आमच्या मुलांना हे शब्द मराठीत का माहीत नसतात?

गोव्यातलं शिक्षण बघा. सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणी, पाचवीपासून इंग्रजी. प्रजननाचा धडा येतो तेव्हा मुलगी पूर्ण इंग्रजीत असते. तिला 'व्हजायना' चं स्पेलिंग येतं, आकृतीला नावं देता येतात, गुण मिळतात. घरी आईशी बोलायला मात्र एकही शब्द नसतो. आईजवळ 'खालची जागा', 'शरमेची जागा', 'अंग' एवढेच आहेत. मधला पूल कुणी बांधलाच नाही.

महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकात हे विषय मराठीत लिहिले, त्यासाठी अश्लीलतेचे खटले भोगले, आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत अंक काढत राहिले. म्हणजे भाषेत शब्द नव्हते असं म्हणायला जागा नाही.

दवाखान्यात डॉक्टरांना काय सांगायचं?

'योनी' हा शब्द तोंडातून निघत नसेल तर त्यावाचून अडत नाही. जागा नेमकी सांगा, एवढं पुरे. 'खाली' म्हणू नका, कारण खाली म्हणजे कंबरेपासून टाचेपर्यंत काहीही.

लघवी करताना जळजळ होते, की नुसतंच बाहेरच्या कातडीला खाज सुटते, की आतून दुखतं, हे वेगळं वेगळं सांगा. पांढरं जाणं ही आपली नेहमीची बोली आहे, कुठल्याही डॉक्टरला कळते. रंग आणि वास बदलला असेल तर तेही बोला. अंग बाहेर येणं म्हणजे बहुतेक वेळा गर्भाशय किंवा योनीची भिंत खाली सरकणं. त्यावर उपाय आहेत. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर वाट बघू नका, त्याच आठवड्यात जा. आणि 'पिशवीच्या तोंडाची तपासणी' असं नर्स म्हणाली तर ती गर्भाशयाच्या मानेबद्दल बोलते आहे. तिथला कर्करोग लवकर कळावा म्हणून ती तपासणी असते. दुखणं नसतानाच ती करायची.

आमच्या वाड्यावरच्या एक आजी, वय ७० च्या पुढे, अशा तपासणीला सुनेबरोबर गेल्या. डॉक्टरीण तरुण, कोकणी बोलणारी. तिनं विचारलं, त्रास कुठं आहे. सून खाली बघू लागली. आजींनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, 'योनीत. चौऱ्यांशी लाखातली आहे गो ही, नीट बघ.'